काट्यावर हलकी, हातात जड

ठाण्याचा हात मुळात बॅडमिंटनचा. महापालिकेच्या सय्यद मोदी बॅडमिंटन प्रशिक्षण योजनेत श्रीकांत वाड यांच्या हाताखाली खेळाडूंच्या पिढ्या घडल्या. टेबल टेनिसमध्येही हे शहर मागे नाही. २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात ठाण्याच्या मधुरिका पाटकर होत्या. डोंबिवली जिमखान्यात किंवा सोसायटीच्या आवारात जाळी बांधून संध्याकाळी शटल उडवणाऱ्यांची संख्या मोजायला गेलो तर दमछाक होईल. आता मुंबई महानगरात पॅडल हा काचेच्या भिंतींतला खेळ रुजतो आहे आणि त्याकडे वळणारे बहुतेक हात याच घडणीचे आहेत. वय तिशी-चाळिशीच्या आसपास, दिवसभर माऊस धरलेला, लोकलमध्ये कडीला लटकलेला आणि आठवड्यातून एकदोनदाच मोकळा होणारा हात. अशा हाताला रॅकेट कोणती घ्यावी, असे विचारले की दुकानदारापासून सोबत्यापर्यंत सगळे एकच उत्तर देतात : हलकी घ्या. उत्तर बरोबर आहे, पण अर्धे. रॅकेटचा हलकेपणा वजनकाट्यावर ठरत नाही, तो मुठीत ठरतो. नियंत्रण आणि आराम हवा असेल तर ग्रॅमच्या आकड्याआधी रॅकेटचा तोल बघावा, हे या प्रकरणाचे म्हणणे आहे.

खेळाची ओळख थोडक्यात. १९६९ साली मेक्सिकोतल्या अकापुल्को इथे एन्रिके कोर्कुएरा यांनी आपल्या घराच्या आवारात भिंतींनी वेढलेले छोटे कोर्ट बांधले, तिथून हा खेळ निघाला. तो पुढे स्पेन आणि अर्जेंटिनात फोफावला. कोर्ट २० मीटर लांब, १० मीटर रुंद, मागे काच, बाजूला काच आणि जाळी, खेळ दुहेरी, गुण टेनिससारखे, सर्व्हिस मात्र कमरेखालून. चेंडू दिसायला टेनिसचाच, वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम. रॅकेटला तारा नसतात. फेसासारख्या मऊ गाभ्यावर काचतंतूचे किंवा कार्बनचे पातळ आवरण चढवलेले, त्याला भोके पाडलेली, असा तो भरीव तुकडा असतो. नियमानुसार लांबी जास्तीत जास्त ४५.५ सेंटीमीटर, रुंदी २६ सेंटीमीटर आणि जाडी ३८ मिलिमीटर. मनगटात अडकवायची दोरी सक्तीची आहे, कारण चार माणसांच्या बंदिस्त जागेत हातातून सुटलेली रॅकेट कुणाच्याही तोंडावर बसू शकते. वजनाला मात्र अशी ठरीव चौकट नाही. बाजारातल्या बहुतेक रॅकेट ३४० ते ३९० ग्रॅममध्ये असतात आणि ३६० च्या खालच्या रॅकेटला साधारणपणे हलकी म्हणतात.

आता बॅडमिंटनवाल्याच्या बाजूने बघा. त्याच्या हातातली नेहमीची रॅकेट ८० ते ९० ग्रॅमची. पॅडलची सर्वांत हलकी रॅकेटसुद्धा तिच्या जवळजवळ चौपट भरते. म्हणजे ३४५ आणि ३७० यांतला फरक त्याला पहिल्या दिवशी जाणवणारच नाही, दोन्ही जडच वाटतील. फरक कळतो तो तासाभराने, हात भरून आल्यावर. थकलेला हात दोन गोष्टी करतो : रॅकेट उशिरा पुढे आणतो आणि मूठ आवळतो. उशीर झाला की चेंडू अंगाजवळ येऊन आदळतो, मनगट वाकड्या कोनात सापडते आणि त्या धक्क्याचा भार कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायुबंधावर पडतो. मूठ आवळली की तोच स्नायुबंध आधीपासून ताणलेला असतो. टेनिस एल्बो नावाचे दुखणे इथूनच सुरू होते आणि चाळिशीच्या आगेमागे त्याचा जोर असतो. युरोपात पॅडल खेळाडूंच्या दुखापतींचे जे अभ्यास झाले त्यांत कोपर वारंवार वरच्या क्रमांकावर येते. मराठी वाचकाला या दुखण्याची ओळख सचिन तेंडुलकरने करून दिली. २००४ मध्ये त्याचे कोपर धरले आणि २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. त्याची बॅट जड होती हे सर्वांना माहीत होते. सगळा दोष त्या वजनावर टाकता येणार नाही; पण ज्या हाताला रोजचा व्यायाम, फिजिओ आणि विश्रांती होती तो हातही या दुखण्यातून सुटला नाही, एवढे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हलकेपणाच्या बाजूचा दुसरा पुरावा वेळेचा आहे. दोन्ही जोड्या नेटजवळ आल्या की समोरच्या खेळाडूशी अंतर सहा मीटरच्या घरात येते. ताशी ६० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू एवढे अंतर साधारण ०.३६ सेकंदात कापतो. चेंडू दिसून हात हलू लागेपर्यंत माणसाचा सुमारे ०.२ सेकंद जातो. उरलेल्या वेळात रॅकेट उजवीकडून डावीकडे आणून तिचे तोंड नीट चेंडूकडे करायचे असते. तिथे ताकदीचा काही उपयोग नाही. रॅकेट हवी तिथे वेळेवर पोचली का, एवढाच प्रश्न असतो. नियंत्रण म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो त्यातला मोठा भाग या पोचण्याचा आहे. चेंडू रॅकेटच्या मधोमध लागला तर साधारण रॅकेटही त्याला सरळ पाठवते. कडेला लागला तर महागातली महाग रॅकेटही मुठीत फिरते.

आणि इथेच काट्यावरचा आकडा फसवतो. दोन रॅकेट घेऊ. पहिली ३७० ग्रॅमची, तिचा तोलबिंदू दांड्याच्या टोकापासून २५ सेंटीमीटरवर. दुसरी ३५५ ग्रॅमची, पण तिचा तोलबिंदू २७ सेंटीमीटरवर, म्हणजे वजन डोक्याकडे झुकलेले. मूठ दांड्याच्या टोकापासून साधारण ८ सेंटीमीटरवर धरली जाते असे मानू. पहिल्या रॅकेटचा मुठीवरचा भार ३७० गुणिले १७, म्हणजे ६,२९०. दुसरीचा ३५५ गुणिले १९, म्हणजे ६,७४५. काट्यावर १५ ग्रॅमने हलकी असलेली रॅकेट हातात सुमारे ७ टक्क्यांनी जड भरली. हेच उलटून पाहा. तोल तोच ठेवून १५ ग्रॅम कमी केले तर भार ४ टक्क्यांनी घटतो. वजन तेच ठेवून तोलबिंदू दोन सेंटीमीटर वर सरकवला तर भार जवळजवळ १२ टक्क्यांनी वाढतो. हा हिशेब रॅकेट आडवी स्थिर धरल्याचा आहे. फिरवताना तर मुठीपासूनचे अंतर वर्गाच्या पटीत मोजले जाते, म्हणजे डोक्याकडच्या ग्रॅमची किंमत आणखी चढते. जाहिरातीत ठळक अक्षरांत ग्रॅम छापतात आणि तोल बारीक अक्षरांत, किंवा मुळीच नाही. ग्राहकाने उलट क्रमाने वाचावे.

तोल मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. रॅकेट आडवी करून एका बोटावर किंवा पट्टीच्या कडेवर ठेवायची, ती स्थिर राहते ती जागा पेन्सिलने खुणावायची आणि दांड्याच्या टोकापासून शिवणाच्या टेपने अंतर घ्यायचे. २५ सेंटीमीटरच्या आसपास आले तर वजन दांड्याकडे आहे, २६ च्या वर गेले तर डोक्याकडे झुकू लागले. वजनासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. हे दोन आकडे स्वतः घ्यायला हवेत, कारण कंपन्या वजन नेमके सांगत नाहीत, पल्ला सांगतात. ३५० ते ३६५ असे लिहिलेल्या एकाच मॉडेलच्या दोन नगांत १०-१५ ग्रॅमचा फरक सहज निघतो. ऑनलाइन मागवलेली रॅकेट खोक्यातून काढल्याबरोबर, वेष्टन न फाडता जपून उतरवून मोजावी, म्हणजे परत करायची वेळ आली तर अडचण येत नाही.

या हिशेबातून एक उपयोगी गोष्ट निघते. दांड्यावर चढवलेले वजन जवळपास फुकटचे असते. ३५५ ग्रॅमच्या, २६ सेंटीमीटर तोलाच्या रॅकेटवर सहा-सहा ग्रॅमच्या दोन ओव्हरग्रिप गुंडाळल्या तर काट्यावर ती ३६७ होते, पण हे वजन मुठीतच असल्यामुळे मुठीवरचा भार वाढत नाही आणि तोलबिंदू सुमारे सहा मिलिमीटर खाली येतो. शिवाय पॅडलचे दांडे कारखान्यातून बहुधा बारीकच येतात, ते जाड करायचे ते ओव्हरग्रिपनेच. बोटे दांड्याभोवती वळवल्यावर त्यांची टोके आणि तळहात यांत करंगळीएवढी जागा राहिली की जाडी बरोबर. दांडा फार बारीक असेल तर तो फिरू नये म्हणून मूठ आवळावी लागते आणि पुन्हा कोपराकडे वळावे लागते. आता याच्या उलट टोक बघा. डोक्याच्या कडेला खरवडू नये म्हणून लावतात त्या जाड संरक्षक पट्टीचे वजन १० ग्रॅम धरले तर त्याच रॅकेटचा भार सहा टक्क्यांच्या आसपास चढतो. हलकी रॅकेट मुद्दाम निवडायची आणि घरी येऊन तिच्या डोक्यावर पट्टी चिकटवायची, हे पैसे खर्चून हलकेपणा घालवणे झाले. पट्टी लावायचीच असेल तर पातळ, पारदर्शक लावावी.

आकाराचा मुद्दाही तोलाशीच बांधलेला आहे. गोल डोक्याच्या रॅकेटचा तोल खाली असतो, तिचा चेंडू नीट लागण्याचा पट्टा मधोमध आणि मोठा असतो. हिऱ्याच्या आकाराच्या रॅकेटचे वजन वर सरकलेले, पट्टा वर आणि लहान. वरून मारलेल्या स्मॅशला ती दणका देते. थेंबाचा आकार या दोहोंच्या मधला. ज्याला नियंत्रण हवे त्याने गोल घ्यावी, यात फारसा वाद नाही आणि म्हणून त्यावर अधिक शब्द खर्च करत नाही.

खरा वाद पुढचा आहे आणि तो गंभीर आहे. टेनिसच्या जगात अनेक जाणकार सांगतात की कोपर जपायचे तर रॅकेट फार हलकी नको, कारण वजनदार रॅकेट चेंडूचा धक्का स्वतः पचवते, हलकी रॅकेट तो हाताकडे ढकलते. यात भौतिकशास्त्र खरे आहे. ५८ ग्रॅमचा चेंडू ३५० ग्रॅमच्या रॅकेटवर आदळतो तेव्हा तो तिच्या सहाव्या हिश्श्याएवढा असतो. रॅकेट जितकी हलकी तितकी ती जास्त मागे हटते, मधून सरकलेल्या फटक्यावर जास्त फिरते. म्हणून ‘जितकी हलकी तितकी चांगली’ हे मी म्हणत नाही. सुदृढ प्रौढाने ३४० च्या खाली जाऊ नये असे माझे मत आहे. पण टेनिसचा सल्ला जसाच्या तसा इथे लागू होत नाही. तिथे तारा आणि लांब चौकट धक्का पचवतात. इथे ते काम गाभा आणि आवरण यांच्याकडे असते. मऊ गाभा चेंडूला क्षणभर आत घेतो, धक्का लांबवतो आणि त्यामुळे त्याचे टोक बोथट होते. त्यामुळे पॅडलमध्ये वजन न वाढवताही आराम मिळवता येतो, तो गाभ्यातून. काचतंतूचे आवरण कार्बनपेक्षा जास्त लवते, म्हणून नव्या हाताला तेच बरे. कार्बनच्या पुढे ३के, १२के, १८के असे आकडे लिहितात ते धाग्याच्या एका जुडीत किती हजार तंतू आहेत हे सांगतात. रॅकेट किती चांगली हे ते सांगत नाहीत. धक्क्याचा दुसरा भाग म्हणजे थकव्याने झालेला उशीर. तो कमी करण्याचे काम हलका तोल करतो. जड रॅकेट प्रत्येक फटक्याचा धक्का थोडा कमी करील, पण चुकीच्या जागी बसणारे फटके वाढवील. आठवड्यातून एकदोनदा खेळणाऱ्या माणसासाठी हा सौदा तोट्याचा आहे.

मऊ गाभ्याबद्दल ठाणे-डोंबिवलीच्या हवेत थोडी सावधगिरी हवी. पॅडलच्या गाभ्यात बहुतेक वेळा ईव्हीए नावाचे रबरासारखे द्रव्य असते, ते उष्णतेने मऊ पडते आणि थंडीत कडक होते. या खेळाची बरीचशी शिफारस स्पेनमधून येते. माद्रिदच्या डिसेंबरमध्ये जी रॅकेट ‘मध्यम’ वाटते ती कल्याणच्या मे महिन्यात मऊ वाटेल, आणि तिथली ‘अतिमऊ’ इथे दुपारी निर्जीव होईल. चेंडू परत जायला नाखूश असेल आणि तो ढकलण्यासाठी खेळाडू जोर लावील. ज्या हाताला आराम द्यायचा म्हणून मऊ घेतली त्याच हाताला जास्त राबवले जाईल. म्हणून इथे मऊ ते मध्यम या दरम्यानचा गाभा घ्यावा, अगदी मऊ नको. रॅकेट उन्हात उभ्या गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवणे टाळावे. पावसाळ्यात उघड्या कोर्टावर चेंडूची लोकर ओल धरते, चेंडू जड होतो, काच ओली झाली की उसळी मंदावते. तेव्हाही पुन्हा जोर लावण्याचा मोह होतो. आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात सगळ्यांत आधी घामेजतो तो तळहात. घसरणारी ग्रिप म्हणजे आवळलेली मूठ. ओव्हरग्रिप स्वस्त वस्तू आहे, ती गुळगुळीत व्हायची वाट न बघता बदलावी. कोपरासाठी याहून कमी खर्चाचा उपाय नाही.

दुसरा आक्षेप ताकदीचा. हलक्या, दांड्याकडे तोल असलेल्या रॅकेटने स्मॅश बसत नाही, अशी तक्रार विशेषतः बॅडमिंटनमधून आलेले करतात, कारण तिथे स्मॅश म्हणजे गुण. तंदुरुस्त, सरावलेल्या खेळाडूला डोक्याकडे जड रॅकेट स्मॅशला जास्त देते, हे खरेच आहे. पण पॅडलची काच हा हिशेब बदलते. कोर्टाच्या मधून सपाट आणि जोरात मारलेला चेंडू मागच्या काचेवर आदळून पुन्हा आत येतो आणि समोरच्याला निवांत उंचीवर मिळतो. आपलीच ताकद आपण त्याच्या हवाली करतो. याउलट डोक्यावरून खोल टाकलेला लॉब, काचेजवळ मरणारा हळू चेंडू, नेटवरची आखूड व्हॉली यांनी सामान्य पातळीवरचे बहुतेक गुण ठरतात. या तिन्ही फटक्यांना जोर लागत नाही, रॅकेटचे तोंड नेमक्या कोनात थांबावे लागते. बॅडमिंटनच्या मनगटाला इथे एक सवय सोडावीही लागेल. शटलला मनगटाचा झटका देतात तसा झटका ३५० ग्रॅमच्या रॅकेटला दिला तर कितीही हलकी घेतली तरी मनगट आणि कोपर दुखणार. हात मागे थोडाच न्यायचा, खांद्यातून ढकलायचे. हे रॅकेट शिकवत नाही, प्रशिक्षक शिकवतो.

तिसरा आक्षेप आपल्याकडच्या मध्यमवर्गीय हिशेबातून येतो : खेळ सुधारल्यावर पुन्हा पैसे घालण्यापेक्षा आत्ताच वरच्या दर्जाची, जड, हिऱ्याच्या आकाराची घेऊन ठेवावी. मुलाला वाढत्या अंगाचा गणवेश शिवतात तसे हे आहे. गणवेश सैल असला तरी शाळा चुकत नाही. रॅकेट मात्र पहिल्याच दिवसापासून हात घडवते. जड रॅकेट पेलण्यासाठी खेळाडू दोन्ही हातांनी ती सावरतो, फटका आखूड करण्याऐवजी झोकून मारतो, उशीर लपवण्यासाठी काचेला चिकटून उभा राहतो. या सवयी पुढे मोडायला रॅकेटच्या किमतीपेक्षा जास्त वेळ आणि शिकवणीचे पैसे लागतात. शिवाय गाभा वापराने आणि उन्हाने आपला जिवंतपणा गमावतो, त्यामुळे रॅकेट वर्षानुवर्षे टिकवण्याची वस्तूच नाही. सुरुवातीला साधी, गोल, काचतंतूची घ्यावी आणि तिने खेळ झाला की मगच पुढचा विचार करावा.

घेण्याआधी कोर्टावर भाड्याने मिळणारी रॅकेट वापरून बघता येते, तिचा पुरेपूर फायदा घ्यावा. परीक्षा पहिल्या दहा मिनिटांत करू नये, तेव्हा प्रत्येक रॅकेट चांगली वाटते. खेळाच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत, हात भरून आल्यावर, सलग बॅकहँड व्हॉली मारून बघाव्यात. रॅकेट वेळेवर पुढे येते आहे का, मूठ आपोआप आवळली जाते आहे का आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेली बादली उचलताना कोपराच्या बाहेर कळ येते का, या तीन गोष्टींची उत्तरे कोणत्याही जाहिरातीपेक्षा भरवशाची आहेत. कळ येत असेल आणि आठवडाभर विश्रांती घेऊनही जात नसेल तर रॅकेट बदलून भागणार नाही, अस्थिरोगतज्ज्ञाला किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवावे.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत बॅडमिंटन किंवा टेबल टेनिसमधून पॅडलकडे येणाऱ्या, आठवड्यातून एकदोनदा खेळणाऱ्या प्रौढाने ३४५ ते ३६० ग्रॅमची, गोल डोक्याची, २५ ते २५.५ सेंटीमीटर तोलाची, मऊ ते मध्यम गाभ्याची आणि काचतंतूच्या आवरणाची रॅकेट घ्यावी. या मापांत बसणाऱ्या दोन रॅकेटमध्ये निवड करायची वेळ आली आणि एक १० ग्रॅमने जड पण तोलाने खाली असेल, तर तीच घ्यावी.